गाडीवरून उतरणं

जळगाव एमआयडीसीत आमच्याकडे नवीन फोर्कलिफ्ट ऑपरेटर घ्यायचा असला की ट्रायल माझ्याकडे येते. पोरगा येतो. बायोडाटा प्लॅस्टिकच्या पिशवीत, अंगात इस्त्रीचा शर्ट. मी त्याला दोन पिंपांमधून इंग्रजी आठ काढायला लावतो, रिकामं पॅलेट, म्हणजे माल रचायचा पाट, उचलायला लावतो, मग भरलेलं पॅलेट रॅकच्या दुसऱ्या मजल्यावर ठेवायला. आठ-दहा मिनिटांचं काम. बहुतेकांना जमतं. मग मी लांबूनच ओरडतो, "चल, चहा घे आधी!"

खरी ट्रायल तिथून सुरू होते, हे त्याला माहीत नसतं.

कुणी इंजिन तसंच धडधडत ठेवून टणकन उडी मारतो. कुणी फोर्क, म्हणजे वजन उचलायची पुढची दोन पाती, गुडघ्याएवढे वर ठेवून येतो. कुणी सगळं नीट करतो, पण किल्ली गाडीला लटकत ठेवतो. गेल्या वर्षी एकाने गाडी नेमकी आग विझवायच्या सिलिंडरसमोर लावली, वर मला विचारलं, "सर, पार्किंग बरोबर ना?" रेषेला अगदी समांतर होती, त्यात वाद नाही.

गाडी चालवायला आठ-पंधरा दिवसांत येते. स्टिअरिंग मागच्या चाकांना असतं, त्यामुळे सुरुवातीला शेपूट कुठेतरी आपटतं, मग हात बसतो. गाडी सोडायला शिकायला मला पाच वर्षं लागली. आणि ती पाच वर्षं दुसऱ्याच्या पायावर बेतली. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितोय, म्हणून चालवण्याबद्दल फार लिहिणार नाही. ते कुणीही शिकवील.

मी धरणगाव तालुक्यातला. घरी कोरडवाहू कपाशी. आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलं आणि २००९ साली जळगावात एका चटईच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. जळगावच्या प्लॅस्टिक चटया देशभर जातात. कच्चा माल म्हणजे प्लॅस्टिकचा दाणा, २५ किलोच्या गोण्यांत. पॅलेटवर ४० गोण्या चढल्या की एक टन झाला. माझं काम गोण्या रचायचं आणि पॅलेटला पट्टी मारायचं. गाडीवर असायचे आमचे आप्पा. त्यांना दर तासाला तंबाखू मळायला सावली लागायची. आप्पा उतरले की किल्ली गाडीलाच. त्या पाच मिनिटांत मी सीटवर जाऊन बसायचो. आधी नुसते लिव्हर हलवून बघितले. मग एक दिवस चालू केली. मग दोन फूट पुढे, दोन फूट मागे. आप्पांनी बघितलं आणि फक्त हसले. म्हणाले, "शिकून घे, कामाला येईल."

आलंच कामाला. या भागातले निम्मे जुने ऑपरेटर असेच शिकलेत. त्यांना विचारा, लाजत लाजत कबूल करतील. दुसऱ्याने गाडीला सोडलेल्या किल्लीवर माझं पोट चालतंय. त्यामुळे पुढचं सगळं सांगताना मी साळसूदपणाचा आव आणू शकत नाही.

आता नियम. आमच्याकडे परदेशी गिऱ्हाइकांची ऑडिट येतात तेव्हा अमेरिकेतल्या ओशाचे, म्हणजे तिथल्या कामगार-सुरक्षा खात्याचे, नियम कानावर पडतात. त्यातली एक व्याख्या मला फार आवडते, कारण ती फुटांत आहे. गाडी 'बेवारस' कधी समजायची? ऑपरेटर उतरून २५ फूट किंवा त्याहून लांब गेला, तर गाडी दिसत असली तरी ती बेवारस. आणि गाडी नजरेआड झाली, तर तो दहा फुटांवर असला तरी बेवारस. म्हणजे खांबाआड लघवीला गेलात तरी गाडी बेवारसच.

२५ फूट म्हणजे साडेसात मीटरच्या जरा वर. मी पोरांना पावलं मोजायला लावतो. साध्या चालीने दहा-अकरा पावलं होतात. गाडीपासून ऑफिसच्या खिडकीपर्यंत मोजा, पाण्याच्या माठापर्यंत मोजा, ट्रकच्या केबिनपर्यंत मोजा. बहुतेक ठिकाणी तुम्ही हद्दीबाहेरच असता.

हद्दीच्या आत आणि गाडी समोर असेल, तर तीन गोष्टी: फोर्क पूर्ण खाली, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. हद्दीबाहेर जायचं असेल तर याशिवाय इंजिन बंद. उतारावर असाल तर चाकांना ठोकळे. त्या नियमात किल्ली काढण्याचा शब्द नाही, पॉवर बंद करा एवढंच आहे. किल्ली काढायचा नियम कंपन्या स्वतः घालतात. मला विचाराल तर सगळ्यांत मोठा तोच.

आपल्याकडे कायद्यात दोन्ही बाजू लिहिलेल्या आहेत. कामगाराच्या जिवाची काळजी घेणं मालकाचं कर्तव्य, आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका होईल असं जाणूनबुजून न वागणं कामगाराचं. नवी पोरं पहिली बाजू पाठ करतात, सुपरवायझर दुसरी.

फोर्क खाली का, हे मात्र नीट समजून घ्या, कारण 'नियम आहे म्हणून' केलेली गोष्ट घाईत पहिली सुटते. वर उचललेलं वजन तेलावर उभं असतं. सिलिंडरचं सील जुनं झालं की तेल हळूहळू परततं आणि फोर्क बसत जातात. डोळ्यांना दिसत नाही, पण तासाभराने बघितलं तर चार बोटं खाली आलेले असतात. दुसरं म्हणजे, जुन्या गाडीत इंजिन बंद असलं तरी खाली करायचा लिव्हर ढकलला की वजन येतंच. त्याला इंजिन लागत नाही, वजनच स्वतःला खाली आणतं. नव्या गाड्यांत सीटखाली स्विच असतो, माणूस उठला की हायड्रॉलिक बंद पडतं. पण एमआयडीसीत नवी गाडी किती जणांच्या नशिबी असते? आणि मी एका ठिकाणी त्या सीटवर दाण्याची अर्धी गोणी ठेवून स्विच दाबून धरलेला बघितलाय, 'सारखी बंद पडते' म्हणून.

तिसरं कारण फोर्कच्या टोकाचं. रिकामे फोर्क वीतभर उंचीवर ठेवून गाडी लावली की ती पाती बरोबर नडगीच्या उंचीवर येतात. साडेतीन-चार फूट लांब, टोकाला पातळ. संध्याकाळी लाइट गेली की गोडाऊनमध्ये ती दिसत नाहीत. म्हणून फोर्क नुसते खाली नाही, मास्ट, म्हणजे फोर्क ज्यावर वर-खाली होतात तो उभा सांगाडा, थोडा पुढे झुकवून टोकं जमिनीला टेकलेली हवीत. टेकली की नाही ते बुटाने दाबून बघा. मी अजून बघतो. फोर्कखाली बूट शिरला तर परत सीटवर चढतो.

इंजिन बंद केल्यावर लिव्हर एकदा पुढे-मागे हलवायची सवय लावा. पाइपात अडकलेलं प्रेशर सुटतं आणि फोर्क खरंच टेकलेत याचीही खात्री होते. मला हे एका मेकॅनिकने शिकवलं. तो म्हणाला, "मला दुरुस्तीला हात घालायचा असतो, तू निघून गेलेला असतोस."

हँडब्रेकवर आंधळा विश्वास ठेवू नका. केबल ताणते, लायनिंग झिजतं, आणि सपाट जमिनीवर कळत नाही. शिफ्ट सुरू होताना रिकामी गाडी रॅम्पवर थोडी चढवा, हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेक हळूच सोडा, पण पाय वरच ठेवा. सरकली तर तिथूनच परत आणा आणि चेकलिस्टवर लिहा. चेकलिस्टवर सगळीकडे बरोबरच्या खुणा करून सही ठोकणारे बरेच आहेत, मीही होतो. फरक एवढाच की अपघात झाला की पहिला कागद तोच मागतात.

तीन टनांची डिझेल गाडी स्वतःच चार टनांच्या वर भरते, हे पोरांना पटत नाही. दिसायला ती छोट्या कारएवढी. पण पुढे वजन उचलायचं म्हणून मागे लोखंडाचा गोळा असतो. ती गाडी माणसाच्या चालीने जरी सरकायला लागली, तरी हाताने थांबत नाही. खांदा लावायला जाऊ नका. बाजूला व्हा आणि बोंबला.

रॅम्पवर गाडी सोडायची नाही, हा नियम. तरी कधी वेळ येतेच. मग ठोकळा, उताराच्या बाजूने, चाकाला चिकटवून, दोन्ही चाकांना. ठोकळा लाकडी किंवा रबरी. वीट नको, वीट चुरा होते. आमच्याकडे ट्रकवाले दगड लावतात आणि निघताना तो दगड रस्त्यातच सोडून जातात, तो वेगळा ताप.

बॅटरीच्या गाड्यांचं एक निराळंच. आवाज नाही. किल्ली चालू आहे की बंद, हे लांबून कळत नाही. बाहेरून कुणी डबा काढायला आत वाकला आणि पेडलवर हात पडला, की गाडी त्याला विचारत नाही. चार्जिंगला लावतानाही आधी ब्रेक, मग बंद, मग प्लग. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून तिथे विडी-काडी नाही. गॅसवरची गाडी रात्रीसाठी लावताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि नळीतला गॅस संपून इंजिन आपोआप बंद पडू द्यायचं. ती खड्ड्याजवळ, गटाराजवळ लावू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली जाऊन साचतो.

आता ती गोष्ट. २०१४ साल, जुलै. तोवर मी दुसऱ्या कंपनीत ऑपरेटर झालो होतो. दुपारी साडेतीनच्या सुमाराला ट्रक आला होता आणि चलनावर स्टोअरची सही हवी होती. मी गाडी शेडच्या तोंडाशी लावली. फोर्क खाली, न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद. सगळं केलं. किल्ली तेवढी राहिली. राहिली म्हणजे विसरलो नाही. दोन मिनिटांत येतोय, कशाला काढायची, असा विचार केल्याचं मला स्पष्ट आठवतं. स्टोअर पन्नासेक फुटांवर, भिंतीच्या पलीकडे. आत पंखा होता, साहेब फोनवर होते, मी थांबलो.

बाहेर ट्रक मागे घ्यायचा होता. ड्रायव्हर हॉर्न देत होता. माझा हेल्पर चोपड्याकडचा, एकोणीस वर्षांचा. त्याला वाटलं, गाडी जरा बाजूला घ्यावी. तो माझ्यासारखाच शिकत होता, माझ्याच गाडीवर, माझ्याच चहाच्या वेळात. मला ते ठाऊक होतं आणि मीही आप्पांसारखा हसलो होतो. त्याने चालू केली, स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, आणि पुढे घेतली. पुढे बघत होता तो. फोर्कलिफ्ट पुढे वळते तेव्हा मागचा भाग बाहेर फेकला जातो. मागे खांबाला टेकून एक हमाल काका उभे होते. पायात चपला.

किंचाळी ऐकून मी पळत आलो तेव्हा गाडी थांबलेली होती आणि मागचं चाक त्यांच्या उजव्या पायाच्या चवड्यावर होतं. पोरगा सीटवर थिजलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. त्याला 'पुढे घे' म्हणायचं की 'मागे घे', हे मला क्षणभर सुचेना. शेवटी त्याला खाली ओढून मीच घेतली. काकांची दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी चौकशी होती. आदल्या रात्री सुपरवायझरने मला बाजूला घेऊन सुचवलं होतं: किल्ली टांगायच्या बोर्डावर होती, पोराने न विचारता घेतली, असं लिही. मी तसं लिहिलं. लिहिताना हात थरथरला नाही, हे सांगायला हवं. आमच्यात शिरपूरकडचे एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना दादा म्हणायचे. साक्षीदार म्हणून त्यांची सही हवी होती. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "किल्ली कोठे होती रे भाऊ?"

माझा हात आपोआप खिशात गेला. खिशात किल्ली होती. स्प्लेंडरची. तिच्या रिंगला शेगावच्या महाराजांचा फोटो. गेटबाहेर उभी केलेली माझी मोटरसायकल. तिची किल्ली मी उभ्या आयुष्यात कधी गाडीला सोडली नव्हती.

दादांनी तेवढंच बघितलं. म्हणाले, "गाडी चालाडता येस तुले. उतरता येत नही."

मी कागद फाडून दुसरा लिहिला. मला आठ दिवस घरी बसवलं. पोराला मात्र त्याच दिवशी काढलेलं होतं आणि माझ्या दुसऱ्या कागदाने त्याला परत घेतलं नाही. काकांना कंपनीने उपचाराचा खर्च दिला. पुढे ते बाजार समितीत गेले, तिथे बसून करायचं काम मिळालं. चोपड्याच्या बसस्टँडवर तो पोरगा मला एकदा दिसला. मी दुसऱ्या बाजूने गेलो.

तेव्हापासून मी किल्ली काढतो. आणि हेल्परला शिकायचंय असं दिसलं, की सरळ साहेबांकडे नेतो: याला ट्रेनिंगला घाला. चोरून शिकू दिलं तर तो माझ्यासारखा ऑपरेटर होतो, एवढंच काय ते.

किल्लीचं थोडं सविस्तर सांगतो. जेवणाच्या सुट्टीत ती बोर्डावर जाते, खिशात राहत नाही. खिशात राहिली आणि तुम्ही तातडीने घरी गेलात तर रात्रपाळीवाला गाडी तारा जोडून चालू करतो, आणि ते किल्ली सोडण्यापेक्षा वाईट. शिफ्ट बदलताना किल्ली हातातून हातात. 'डॅशबोर्डवर ठेवलीय' हा निरोप चालत नाही. काही जुन्या गाड्यांना कुठलीही किल्ली लागते, अगदी स्क्रूड्रायव्हरनेही चालू होतात. अशी गाडी असेल तर स्विच बदलायला पहिल्याच आठवड्यात लेखी मागणी करा. तोंडी केलेली मागणी वाऱ्यावर जाते. 'फक्त जरा बाजूला घे' म्हणणारे ट्रकवाले रोज भेटतील. त्यांना सांगा, ऑपरेटर येतोय, थांबा. शिव्या देतील. घ्या.

गाडी कुठे सोडायची, हाही तेवढाच मोठा प्रश्न, आणि खानदेशात तो उन्हाचा आहे. मे महिन्यात जळगावात पारा ४५ च्या आसपास जातो. उघड्यावर लावलेल्या गाडीच्या सीटवर परत येऊन बसून बघा, पापडासारखे भाजता. मग ऑपरेटर काय करतो? सावली शोधतो. सावली कुठे असते? दाराच्या तोंडाशी, जिन्याखाली, इलेक्ट्रिक पॅनेलच्या भिंतीला. नेमक्या त्याच जागा मोकळ्या ठेवायच्या असतात: बाहेर पडायचा रस्ता, जिना, पॅनेल, आग विझवायचं सामान. यात ऑपरेटरला दोष देणं सोपं आहे. मी आमच्या साहेबांना पट्टे मारलेली पार्किंगची जागा पत्र्याखाली द्यायला लावली, त्याला दोन उन्हाळे गेले. पत्रा पडला त्या दिवसापासून दारात गाडी दिसली नाही. एवढी भित्तिपत्रकं लावली होती आधी, त्यांनी जे झालं नाही ते दहा पत्र्यांनी झालं.

जिनिंगमध्ये काम मिळालं तर आणखी एक पथ्य. तिथे रुईच्या गाठी उचलायच्या असतात, एक गाठ साधारण १७० किलोची. जमिनीवर कायम रुईचे पुंजके. तापलेली डिझेल गाडी त्या पुंजक्यांवर उभी करून गेलात तर सायलेन्सर आणि रुई यांची सोयरीक जमायला वेळ लागत नाही. आधी जागा झाडा, मग गाडी लावा. इंजिनखालीही बघा, रुई तिथे जाऊन बसते. रावेर-सावद्याकडे केळीच्या पॅकहाउसमध्ये उलटं: फरशी ओली, केळी धुतलेल्या पाण्याने निसरडी, आणि कोल्ड स्टोरेजच्या दाराशी उतार. तिथे बॅटरीची हातगाडीसारखी छोटी गाडी असते. ती छोटी आहे म्हणून लोक तिला गाडी समजतच नाहीत, दारात अर्धी आत अर्धी बाहेर सोडून जातात. आणि बंद खोलीत डिझेल इंजिन चालू ठेवून तर कधीच जाऊ नका. धूर दिसतो तेवढा त्रास देतो. न दिसणारा मोनॉक्साइड माणूस झोपवतो.

कामं कुठे आहेत, हे पोरं सारखं विचारतात. जळगाव एमआयडीसीत चटई, पाइप, डाळ. भुसावळच्या बाजूला गोडाऊन आणि रेल्वेचा माल. धुळ्यात अवधानची एमआयडीसी, शिंदखेड्याकडे नरडाणा. कागदपत्रांत बहुतेक ठिकाणी चारचाकीचं लायसन्स, फोर्कलिफ्ट ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणि डोळ्यांची तपासणी मागतात. सर्टिफिकेट विकत मिळतात हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. ट्रायलला चहा प्यायला बोलावलं की ती कळतात.

पहिल्या दिवशी सुपरवायझरला तीन गोष्टी विचाराच, वेडा म्हटला तरी चालेल. किल्लीचा बोर्ड कुठे आहे. गाडी रात्री कुठे उभी राहते. गाडी बिघडली तर फोन कुणाला करायचा. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी 'बघू तेव्हा' असं मिळतं, आणि तीच वेळ सगळ्यांत वाईट असते.

कारण गाडी बिघडते ती बहुधा वजन वर असताना. होज, म्हणजे तेलाची नळी, फुटतो, किंवा मास्टची चेन अडकते, आणि फोर्क ना वर ना खाली. अशा वेळी गाडी नियमाने सोडताच येत नाही, फोर्क खाली येत नाहीत ना. मग इंजिन बंद करा, ब्रेक, ठोकळे, किल्ली काढा, चारी बाजूंना पिवळे कोन किंवा दोरी लावा. वजनाखालून कुणालाही जाऊ देऊ नका, फोर्क रिकामे असले तरी. लिव्हरवर 'बिघाड, हात लावू नये' अशी पाटी अडकवा. आणि स्वतः मेकॅनिकला बोलवायला पळू नका. दुसऱ्याला पाठवा.

मागच्या पावसाळ्यात माझ्यावर ही वेळ आली. दाण्याचं पॅलेट आठ फुटांवर अडकलं, मधल्या गल्लीत. कंत्राटी मेकॅनिक पाळधीहून निघाला होता आणि हायवेवर अडकला होता. हेल्परला कोन आणायला पाठवलं, दोन्ही टोकांना दोरी बांधली. दोघे-तिघे दोरीखालून वाकून जायला आले, त्यांना परत पाठवलं. एक तर अकाउंटचे साहेब होते, त्यांना जास्त मऊ आवाजात परत पाठवलं. दीड वाजला, जेवणाची घंटा झाली, सगळे गेले. हेल्पर म्हणाला, "भाऊ, मी बघतो, तुम्ही जेवून या." त्याला गाडीवरचं काय कळतं? म्हटलं, माझा डबा इकडेच आण. शेवभाजी होती आणि कळण्याची भाकरी. रस्सा सांडेल म्हणून डबा एका गोणीवर ठेवला आणि पंधरा फुटांवर, पॅलेटकडे तोंड करून, उभ्याउभ्याच जेवलो. मेकॅनिक आला तेव्हा तीन वाजले होते.